रिकामा ठेवता न येणारा रकाना: प्रोफाइलमधल्या सर्वनामांचं एक प्रकरण

दीडशेच्या आसपास माणसं असलेल्या एका सॉफ्टवेअर संस्थेत कर्मचाऱ्यांच्या अंतर्गत प्रोफाइलमध्ये सर्वनामांचा रकाना आला. बहुतेक जण घरून काम करणारे, एकमेकांना स्क्रीनवरच ओळखणारे. नाव, हुद्दा आणि फोटो यांच्याखाली आता 'ही/हिम' (he/him, पुरुषासाठी), 'शी/हर' (she/her, स्त्रीसाठी) किंवा 'दे/देम' (they/them, या दोन्हींत न बसणाऱ्यासाठी) यांपैकी एक निवडायचं होतं. कामकाजाची भाषा इंग्रजी, म्हणून सर्वनामंही इंग्रजी. रकाना भरेपर्यंत प्रोफाइलवर 'माहिती अपूर्ण' अशी लाल पट्टी दिसायची आणि आठवड्याच्या शेवटी अशा नावांची यादी टीमप्रमुखाकडे जायची. हेतू चांगला होता. त्यातून एका माणसाच्या घरात जे घडलं ते अजून निस्तरलेलं नाही.

नंतर या सगळ्याचा आढावा घ्यायला संस्थेनं बाहेरून दोघींना बोलावलं, त्यातली मी एक. संस्थेचं नाव इथे येणार नाही आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. ज्यांच्यावर हा प्रसंग आला त्यांना मी क्ष म्हणते. क्ष यांच्याबद्दलची वाक्यं लिंग कळणार नाही अशा बेतानं लिहिली आहेत. तशी विनंती त्यांनीच केली होती.

मागणी कुठून आली

संस्थेतल्या एका ट्रान्स स्त्रीनं, म्हणजे जन्माच्या वेळी पुरुष म्हणून नोंद झालेल्या स्त्रीनं, नाव बदलून बराच काळ झाला होता. नवं नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं, सर्वनाम मात्र बसत नव्हतं. मीटिंगमध्ये जुने सहकारी तिच्याबद्दल बोलताना इंग्रजीतलं पुरुषवाचक 'ही' (he) म्हणून जायचे. दर वेळी तिनं थांबवायचं, समोरच्यानं ओशाळून माफी मागायची, मग मूळ विषय कुठे होता ते सगळ्यांनी शोधायचं. बाहेरून पाहणाऱ्याला ही किरकोळ गोष्ट वाटते. जिला रोज ते करावं लागतं तिच्यासाठी प्रत्येक मीटिंग म्हणजे स्वतःची ओळख पुन्हा एकदा सिद्ध करण्याची परीक्षा असते. बोलण्याआधीच ती थकलेली असते. म्हणून तिनं मनुष्यबळ विभागाला मेल लिहिला की प्रोफाइलमध्ये सर्वनामं लिहायला जागा द्या, म्हणजे मला दर वेळी बोलणं तोडावं लागणार नाही.

तो मेल मी वाचला. त्यात 'ज्यांना हवं त्यांना लिहिता यावं' असे स्पष्ट शब्द होते.

विभागानं त्यावर विचार केला, आणि तो वरवरचा नव्हता. एकटीनंच रकाना भरला तर सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच जाईल. बाकीच्यांनीही भरला तर ती वेगळी उठून दिसणार नाही. या युक्तिवादात तथ्य आहे. ज्यांचं सर्वनाम कधी कुणी चुकवत नाही अशी माणसं आपणहून ते लिहितात, तेव्हा ज्यांचं चुकवलं जातं त्यांना लिहिणं सोपं होतं. पण 'पुष्कळांनी लिहावं' या इच्छेचं 'सर्वांनी लिहिलंच पाहिजे' असं फर्मान झालं, आणि या दोहोंत फरक काय पडतो हे कुणी कागदावर मांडून पाहिलं नाही. ज्या बाईनं मागणी केली होती तिलाही विचारलं नाही. सक्तीचा मेल आला तेव्हा तिच्या टीममधल्या एकानं तिला चॅटवर लिहिलं, "हे तुझ्यामुळे ना?" रकाना जिच्या संरक्षणासाठी सक्तीचा केला, तिच्याकडेच बोट गेलं.

क्ष यांच्यापुढचा पेच

क्ष यांना स्वतःबद्दल बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं की आपण पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही. ते फक्त दोन मित्रांना ठाऊक होतं. घरी सांगायचं होतं, पण कधी आणि कुणाला आधी, याचा हिशेब चालू होता. ऑफिसात सांगायचा प्रश्न तेव्हा त्यांच्या यादीत सुद्धा नव्हता.

लाल पट्टीनं तो यादीत आणला. खरं लिहावं तर एका क्लिकमध्ये दीडशे जणांना कळणार. कागदपत्रांवरच्या लिंगाप्रमाणे लिहावं तर आजवर लोक जे गृहीत धरत होते ते आता आपल्याच हातानं लिहून द्यायचं. रिकामा ठेवावा तर नाव यादीत, आणि 'बाकी सगळ्यांनी भरलंय, तुझं काय अडतंय?' या प्रश्नाला उत्तर द्यायचं. दुसऱ्या पर्यायाबद्दल क्ष यांनी आम्हाला जे सांगितलं ते माझ्या टिपणात जसंच्या तसं आहे: "लोकांचा समज चुकीचा असतो तेव्हा तो त्यांचा असतो. मी तेच लिहून दिलं की ते माझं होतं."

रकाना सक्तीचा करताना हीच बाजू नजरेआड होते. स्वतःबद्दल न सांगणं आणि स्वतःबद्दल खोटं सांगणं यांत माणसाला खूप अंतर वाटतं, आणि सक्ती ते अंतर पुसून टाकते. ज्यांच्यासाठी रकाना आणला त्यांच्यातले जे अजून उघडपणे बोललेले नाहीत, त्यांच्यावरच तिचा सगळ्यात जास्त भार पडतो. ज्याला कधीच प्रश्न पडला नाही तो पाच सेकंदांत निवडून पुढे जातो.

क्ष यांनी पहिल्या आठवड्यात कागदपत्रांप्रमाणे रकाना भरला आणि लाल पट्टी गेली. पुढे काही दिवसांनी टीमप्रमुखांशी एकदा मोकळं बोलणं झालं. प्रमुख समजूतदार होते. "तुला हवं ते लिही, हे आपल्या लोकांपुरतंच आहे," असं त्यांनी सांगितलं, आणि ते त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. क्ष यांनी रकाना बदलून 'दे/देम' केलं. टीममधल्या आठ-दहा जणांनी ते नीट स्वीकारलं. एकानं विचारलं की एका माणसाला 'दे' म्हणणं व्याकरणात बसतं का. दुसरीनं त्याला उत्तर दिलं की मेरियम-वेबस्टर शब्दकोशानं 2019 साली 'दे' हाच वर्षाचा शब्द ठरवला होता, आणि त्याच वर्षी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखननियमांनीही एकवचनी 'दे' मान्य केलं. तिथे तो विषय संपला. ते पंधरा-वीस दिवस चांगले गेले, असं क्ष आजही सांगतात.

माहिती कुठून कुठे गेली

'आपल्या लोकांपुरतं' हे खरं नव्हतं. कर्मचारी प्रोफाइल ही संस्थेच्या सगळ्या यंत्रणांची मूळ यादी होती. तिथून नाव, हुद्दा आणि फोटो आपोआप ईमेलच्या स्वाक्षरीत जायचे, मीटिंगच्या खिडकीत नावाच्या जागी दिसायचे आणि ग्राहकांना दिसणाऱ्या पोर्टलवर 'तुमची टीम' या पानावर यायचे. नवा रकाना जोडताना तो या प्रवाहातून वगळायला हवा हे कुणाच्या लक्षात आलं नाही. रकाना जोडणाऱ्या तंत्रज्ञाला तसं कुणी सांगितलं नव्हतं, आणि सर्वनामं म्हणजे गोपनीय माहिती असू शकते हे विभागाच्या मनातच नव्हतं. पगार, जन्मतारीख, घरचा पत्ता हे सगळं त्याच यादीत होतं आणि ते मात्र कटाक्षानं वगळलेलं होतं.

एका ग्राहकाबरोबरच्या नेहमीच्या मीटिंगमध्ये क्ष यांच्या चौकटीखाली नाव आणि त्यापुढे कंसात 'दे/देम' असं दिसू लागलं. स्वतःच्या स्क्रीनवर ते दिसत नव्हतं, कारण त्या यंत्रणेत आपल्या चौकटीखाली फक्त 'तुम्ही' असं येतं. त्यामुळे क्ष यांना त्याचा पत्ताच नव्हता. ग्राहकाच्या बाजूला नात्यातलं एक माणूस कामाला होतं. त्यानं कुचेष्टा केली नाही, चौकशी केली, आणि ती थेट घरी केली. संध्याकाळी क्ष यांना आईचा फोन आला. पहिला प्रश्न होता, "हे काय लिहिलंयस ऑफिसात?"

जे सांगायला क्ष यांनी वर्षानुवर्षं शब्द जुळवले होते, ते घरच्यांना एका कंसातून कळलं. घरी आधी अबोला झाला, मग रडारड, मग डॉक्टरकडे जाऊन ये असा लकडा. क्ष काही आठवडे रजेवर होते, हेही त्या सगळ्याचाच भाग.

यात दुष्ट कुणीच नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासण्याजोगं वाटतं. प्रत्येक जण आपल्यापरीनं चांगलंच वागला. चूक यंत्रणेच्या रचनेत होती. रकाना कोण पाहणार याचं उत्तर टीमप्रमुखांनी अंदाजानं दिलं, आणि क्ष यांनी त्या अंदाजावर स्वतःची सगळ्यात खाजगी गोष्ट टाकली.

हे टाळता येण्यासारखं होतं, कारण मोठ्या सेवांनी यातले बरेच प्रश्न आधीच सोडवून ठेवले होते. फेसबुकनं 2014 मध्ये लिंगाच्या ठराविक दोन पर्यायांपलीकडे जाऊन सर्वनाम निवडण्याची सोय दिली. इन्स्टाग्रामनं मे 2021 मध्ये सर्वनामांचा रकाना आणला तेव्हाच तो फक्त अनुयायांना दिसावा असा पर्याय बरोबर दिला. लिंक्डइननं त्याच वर्षी आणलेल्या रकान्यातही कोणाला दिसावं ते ठरवता येतं. झूमची 2021 मधली मांडणी मला सगळ्यात विचारपूर्वक वाटते. मीटिंगमध्ये सर्वनामं नेहमी दाखवायची, दर वेळी विचारायचं, की दाखवायचीच नाहीत, असे तीन पर्याय तिथे मिळतात. यातला मधला पर्याय क्ष यांच्यासाठीच केल्यासारखा आहे. टीमच्या मीटिंगमध्ये हो, ग्राहकासमोर नको, हे त्यांना दर वेळी स्वतः ठरवता आलं असतं. आणि इन्स्टाग्राम, लिंक्डइन आणि झूम या तिन्ही ठिकाणी रकाना ऐच्छिक आहे.

विरोध करणारे आणि त्यांची कारणं

आढाव्यात आम्हाला तीन वेगवेगळे विरोध भेटले. विभागानं त्यांची एकच मोट बांधून 'जुन्या विचारांचे लोक' असं नाव दिलं होतं. ते मला पटलं नाही.

एक ज्येष्ठ अभियंता होत्या. त्या वर्षानुवर्षं नावाची आद्याक्षरंच लिहितात, फोटोही लावत नाहीत. बाहेरच्या लोकांशी तांत्रिक चर्चा करताना आपण बाई आहोत हे कळलं की उत्तरांचा सूर बदलतो, असा त्यांचा अनुभव. त्यांचा अनुभव एकटीचा नाही. गिटहब या, प्रोग्रामर मिळून कोड लिहितात त्या संकेतस्थळावरच्या कोडबदलांचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रकल्पाबाहेरून योगदान देणाऱ्यांमध्ये, प्रोफाइलवरून लिंग ओळखू येत नव्हतं तेव्हा स्त्रियांचे बदल पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले गेले होते, आणि लिंग ओळखू येत होतं तेव्हा पुरुषांपेक्षा कमी. या बाईंना सर्वनामांबद्दल काहीच तक्रार नव्हती. ट्रान्स सहकारिणीला त्या पहिल्यापासून नीट संबोधत होत्या. त्यांना फक्त आपली आद्याक्षरं परत हवी होती.

दुसऱ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की हा सगळा विचारच मला मान्य नाही आणि तो मान्य असल्याची खूण माझ्या नावापुढे नको. त्याच्याशी मी बराच वेळ बोलले. माझं मत त्याच्या विरुद्ध आहे. तरी कुणाकडून श्रद्धेची खूण लिहून घेण्यात काही साधत नाही, असं मला वाटतं. त्यानं स्वतःचा रकाना रिकामा ठेवावा, ते त्याच्या अखत्यारीतलं आहे. शेजारच्या सहकारिणीनं 'शी' सांगितल्यावर तिला 'ही' म्हणत राहणं त्याच्या अखत्यारीतलं नाही, कारण तिथे तो दुसऱ्या माणसाबद्दल बोलतो आहे. ही रेघ आम्ही अहवालात ठळक ओढली. आश्चर्य म्हणजे त्यानं ती मान्य केली.

तिसरा विरोध खुद्द क्ष यांचा, जो त्या वेळी कुणाला ऐकूच आला नव्हता.

कायद्याच्या अंगानं एक निकाल इथे उपयोगी पडला. फ्रान्समध्ये रेल्वेची तिकिटं ऑनलाइन विकणारी एसएनसीएफ कनेक्ट ही कंपनी ग्राहकांना 'मस्यू' (श्री) किंवा 'मादाम' (श्रीमती) निवडायला लावत असे. मूस नावाच्या संघटनेनं त्याला आव्हान दिलं. युरोपीय संघाच्या न्यायालयानं 9 जानेवारी 2025 रोजी सांगितलं की तिकीट विकण्यासाठी ग्राहकाची लिंगओळख कळणं अपरिहार्य नाही. ग्राहकाशी बोलताना लिंग न दर्शवणारे शिष्टाचाराचे शब्द वापरता येतात. संस्थेच्या काही ग्राहकांचा कारभार युरोपात असल्यानं तिच्या कायदेविषयक सल्लागारांनी हा निकाल गंभीरपणे घेतला. माझ्या दृष्टीनं त्यातला प्रश्न कुठल्याही देशात विचारण्याजोगा आहे: ही माहिती घेतल्याशिवाय काम अडतं का?

या उलट टोकाचं उदाहरण त्याच महिन्याच्या अखेरचं. अमेरिकेत अनेक संघराज्य कार्यालयांनी कर्मचाऱ्यांना ईमेलच्या स्वाक्षरीतून सर्वनामं 31 जानेवारी 2025 पर्यंत काढून टाकायला सांगितलं. म्हणजे काल ज्यांना लिहा म्हटलं त्यांना आज पुसा म्हटलं गेलं. लिहिण्याची सक्ती आणि पुसण्याची सक्ती दोन्हींत माणसाच्या हातातला निर्णय काढून घेतला जातो. शिवाय प्रोफाइल ही नोंद असते, तिच्या प्रती राहतात. आज आपुलकीनं मागितलेली माहिती उद्या कुणाच्या हाती लागेल याची हमी देणं कुठल्याच मनुष्यबळ विभागाला शक्य नसतं.

मराठीतलं बोलणं

टीममधले पुष्कळ जण आपापसात मराठीत बोलत. तिथे प्रोफाइलवरचं 'दे/देम' पुरं पडेना. फिनिश, तुर्की किंवा बंगाली बोलणाऱ्याला तृतीयपुरुषी सर्वनामात लिंग नसतं. मराठीत ते सर्वनामात असतं, क्रियापदात असतं, आणि आदरार्थी बोललं तरी 'ते आले' आणि 'त्या आल्या' यांतून निवड करावीच लागते. टीमनं यावर स्वतःच वाट काढली. नाव घेऊन 'यांनी' लावायचं. 'क्ष यांनी अहवाल पाठवला' या वाक्यात क्रियापद अहवालाप्रमाणे चालतं, पाठवणाऱ्याचं लिंग कुठेच येत नाही. 'क्ष यांना विचारू', 'क्ष यांचं म्हणणं असं' हेही तसंच. जिथे क्रियापद टळतच नाही तिथे काय चालेल, ते त्यांनी क्ष यांना बाजूला विचारलं. उत्तर आलं, "ते म्हणा, चालेल. आणि विचारलंत ते बरं केलंत." वर रजेबद्दल लिहिताना मी 'होते' लिहिलं ते याच आधारावर. या टीमनं दोन-तीन दिवसांत जे केलं त्याला कुठलाही रकाना लागला नाही.

बदललं काय

सक्ती उठली. लाल पट्टी आणि नावांची यादी दोन्ही बंद झाली. इथे एक बारकावा आम्ही लावून धरला: 'सांगू इच्छित नाही' असा पर्याय ठेवायचा नाही. तो निवडलेला दिसला की लोक तर्क करायला लागतात. रकाना रिकामा असेल तर प्रोफाइलवर त्याचं नावही दिसू नये, म्हणजे भरला नाही आणि पाहिलाच नाही यांत बाहेरून फरक करता येणार नाही. ठराविक तीन पर्यायांच्या जागी स्वतः लिहिण्याची मोकळी जागा आली. रकान्याच्या शेजारीच तो कुणाला दिसेल ते लिहिलेलं असतं, आणि 'फक्त टीम', 'संस्था', 'बाहेरचेही' यांतलं काय हवं ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं. काहीच निवडलं नाही तर 'फक्त टीम'. आधी काय लिहिलं होतं आणि कधी बदललं याचा इतिहास टीमप्रमुखांना दिसत होता, तो बंद केला. मीटिंगच्या खिडकीत आपलं नाव इतरांना कसं दिसतं, ते आता स्वतःलाही पाहता येतं.

टीमप्रमुखांसाठी सूचना छोट्या ठेवल्या. कुणालाही सर्वांसमोर सर्वनाम विचारायचं नाही. माहीत नसेल तर नाव वापरायचं. चुकलं तर तिथल्या तिथे एका शब्दात दुरुस्त करून पुढे जायचं, लांबलचक माफी मागून समोरच्यालाच आपलं सांत्वन करायला लावायचं नाही. ही शेवटची सूचना ट्रान्स सहकारिणीनं सुचवलेली.

सक्ती उठल्यावर किती जणांनी रकाना रिकामा केला हे मोजायचा विचार विभागात निघाला होता. आम्ही तो मोडून काढला, कारण मोजणी म्हणजे पुन्हा यादीच. वरिष्ठांपैकी काहींनी आपली सर्वनामं आपणहून तशीच ठेवली, त्याबद्दल भाषण न करता. ट्रान्स सहकारिणीचा रकाना भरलेला आहे आणि तिला मीटिंगमध्ये आता क्वचितच कुणाला थांबवावं लागतं. तिची मूळ मागणी एवढीच होती. आद्याक्षरं लिहिणाऱ्या बाई पुन्हा आद्याक्षरंच लिहितात.

क्ष यांनी संस्था सोडली नाही. टीमपुरतं 'दे/देम' ठेवलं आहे. घरी आईशी बोलणं सुरू झालंय, वडिलांशी नाही. संस्थेनं त्यांना लेखी माफीपत्र दिलं आणि बाहेरच्या समुपदेशकाचा खर्च उचलला. ग्राहकाकडे त्या काळातल्या मीटिंगची रेकॉर्डिंग होती, त्यांत क्ष यांच्या चौकटीखाली तो कंस अजून दिसतो. संस्थेनं ती काढून टाकण्याची विनंती केली. काही काढली गेली. उरलेली ग्राहकाच्या नियमांप्रमाणे ठराविक मुदतीपर्यंत राहणार आहेत आणि त्यावर संस्थेचा ताबा नाही, हे क्ष यांना लेखी कळवण्यात आलं आहे.